पहिल्या सेमिस्टरला नापास झालेल्या मुलांचं तुम्ही काय करता?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातला शेतकरी. थोडी डाळिंबाची बाग आहे. थोरली मुलगी यंदा बारावी झाली, सीईटीला ९३ पर्सेंटाइल पडले. आम्ही ओबीसी. घरातून इंजिनीअरिंगला जाणारी ही पहिलीच. तिला कॉम्प्युटर शाखा घ्यायचीय. पुण्याच्या एका नव्या कॉलेजचा माणूस घरी येऊन गेला. मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट देतो, टोकन आत्ताच भरा, नंतर मिळणार नाही म्हणतो. पैशांसाठी बाग गहाण टाकावी लागेल. माझे मेव्हणे म्हणतात, कराडच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळालं तरी तेच घ्या. आठ दिवसांत पसंतीक्रमाचा फॉर्म भरायचाय. काय करू?

(खाली वेगळ्या अक्षरात) मॅडम, मी त्यांची मुलगी. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. कॉम्प्युटरच का, असं मामांनी विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. पण खरी भीती वेगळीच आहे. आमच्या गावातला एक मुलगा पहिल्या वर्षी पाच विषयांत राहिला आणि घरी परत आला. तो माझ्यापेक्षा हुशार होता. माझंही तसं झालं तर?

उत्तर : आधी बाबांशी बोलते, मग तुझ्याशी.

भाऊ, टोकनचे पैसे भरू नका. त्या माणसाने तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वी ही सवलत निम्मी होती. खासगी कॉलेजातही ती मिळते, पण प्रवेश सरकारच्या कॅप फेरीतून, म्हणजे मेरिटच्या केंद्रीय प्रवेशातून, झालेला असला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांनाही नाही. म्हणजे ज्या मुलीची चार वर्षांची फी सरकार भरायला तयार आहे, तिच्यासाठी तुम्ही बाग गहाण टाकायला निघालात. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल आणि मेस मात्र तुम्हालाच बघावं लागेल, त्याची तजवीज ठेवा. महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर फीमाफीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं लागतं.

आता कागद. जातीचा दाखला असेलच. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का? नसेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी सांगलीला पडताळणी समितीच्या कार्यालयात जा. अर्जाची पावती चालेल की नाही, हे त्या त्या वर्षी ठरतं. त्या भरवशावर राहून राखीव जागा हातची गेलेली मुलं मी पाहिली आहेत. नॉन-क्रिमिलेअर दाखल्यावरची (उत्पन्न मर्यादेत असल्याच्या) तारीखही बघा, ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. दाखल्यावरचं नाव आणि बारावीच्या मार्कलिस्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे मुलीला बसवून तपासून घ्या.

फॉर्मबद्दल गावोगाव एक गैरसमज आहे. वर मोठं कॉलेज लिहिलं आणि ते मिळालं नाही, तर खालचंही हातचं जातं, असं लोक सांगतात. तसं काही होत नाही. तुमच्या मुलीचा मेरिट नंबर आला की तिची यादी वरून खाली तपासली जाते आणि जी पहिली जागा तिला बसते ती मिळते. कट-ऑफ बघून आधीच स्वतःला खाली उतरवायचं कारण नाही. धोका आहे तो दुसरीकडे. २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळालं तरी तेच, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. यंदाची माहितीपुस्तिका उघडून हे कलम स्वतः वाचा. आणि जिथे मुलीला पाठवणारच नाही असं एकही नाव पहिल्या सहात लिहू नका, मग कॅफेवाला काहीही सांगो. पासवर्डही कॅफेवाल्याकडे ठेवू नका.

तुमच्या जागी मी असते तर यादी अशी लावली असती : सांगलीच्या वालचंदचं कॉम्प्युटर आणि आयटी, कराडचं आयटी, मग या दोन्ही ठिकाणचं इलेक्ट्रिकल, आणि त्याखाली कोल्हापूर-ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) भागातली जुनी खासगी कॉलेजं. वालचंद १९४७ चं आणि अनुदानित, कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं. दोन्ही स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या त्यांच्याच. कॉलेज जुनं म्हणून मी ते वर लिहायला सांगत नाही. अशा कॉलेजातून बाहेर पडलेली माणसं महावितरणपासून परदेशी कंपन्यांपर्यंत सगळीकडे बसलेली असतात आणि पोरांचे फोन उचलतात. ज्या घरात आधी कोणी इंजिनीअर नाही, त्या घरच्या मुलीला याची गरज सगळ्यात जास्त असते.

पण यादी लावण्याआधी दोन कॉलेजं डोळ्यांनी बघून या. सोमवार ते शुक्रवार, दुपारी दोननंतर जा. त्या वेळी प्रॅक्टिकल चालतात, निदान लॅब उघडी असते. मशीनवर धूळ आहे का, कॉम्प्युटर चालू आहेत का, लॅब असिस्टंट जागेवर आहे का, हे कळायला शिक्षण लागत नाही. स्वागतकक्षातल्या कोचावर बसवून प्लेसमेंटचा व्हिडिओ दाखवू लागले तर बघा आणि विसरून जा. त्यात एका मुलाचं पॅकेज असतं. खरा आकडा दुसरीकडे असतो. एनआयआरएफसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीसाठी, कॉलेजांना आपली माहिती द्यावी लागते आणि स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मधला पगार किती, हे असतं. मधला म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. मुलीला मोबाइलवर हे शोधायला सांगा. कॉलेज त्यात भागच घेत नसेल, तर का, असं विचारा. नॅक आणि एनबीए ही दर्जाची मानांकनं. नॅक पूर्ण कॉलेजचं असतं आणि एनबीए एकेका शाखेचं, तेव्हा गेटवर एनबीएचा बोर्ड दिसला तर तो कोणत्या शाखेला आणि किती सालापर्यंत आहे तेही विचारा.

आणि एक प्रश्न प्रत्येक कॉलेजात विचाराच : पहिल्या सेमिस्टरला गणितात नापास झालेल्या मुलांचं तुम्ही काय करता? मी निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाला गणितच शिकवलं, म्हणून सांगते, कॉलेजची पारख मला याच एका प्रश्नाने होते. हुशार मुलं कुठेही शिकतात आणि प्रत्येक कॉलेज त्यांचे फोटो लावतं. जे कॉलेज सांगेल की आमच्याकडे अमुक सर संध्याकाळी जादा तास घेतात, वर्गशिक्षक घरी फोन करतात, गेल्या वर्षी इतकी मुलं राहिली आणि त्यातली इतकी निघाली, तिथे मुलगी ठेवा. जे म्हणेल, आमच्याकडे कोणी नापास होत नाही, तिथून उठा. तिसऱ्या वर्षाची दोन मुलं कँटीनमध्ये गाठून हाच प्रश्न परत विचारा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघा.

आता तुझ्याशी.

मामांना नीट सांगता आलं नाही, यात लाजायचं काही नाही. तू अजून कॉम्प्युटर शाखेचं कामही पाहिलेलं नाहीस आणि इलेक्ट्रिकलचंही. या आठवड्यात कुणाच्या तरी लॅपटॉपवर पायथन उघड. दहा संख्यांतली सगळ्यात मोठी शोधायची, बाबांच्या डाळिंबाच्या पट्टीतून हमाली, तोलाई, भाडं वजा करून हातात काय येतं ते काढायचं, असे दोन-चार छोटे प्रोग्राम लिही. चूक सापडत नाही म्हणून तासभर बसावंसं वाटलं, तर कॉम्प्युटर तुझं आहे. चिडून बंद करावंसं वाटलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. दुसऱ्या दिवशी बारावीच्या फिजिक्समधला एसी सर्किटचा धडा परत काढ. हा धडा आवडला होता का, हे स्वतःला विचार. इलेक्ट्रिकल घेतलंस म्हणून दारं बंद होत नाहीत. महापारेषण आहे, गेट ही इंजिनीअरिंगनंतरची परीक्षा देऊन पॉवर ग्रिड, एनटीपीसीसारख्या कंपन्या आहेत, आणि सॉफ्टवेअर कंपन्याही इतर शाखांची मुलं घेतात. बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत आपली शाखा करत कॉम्प्युटरचे विषय मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून घेता येतात. पण तुला कॉम्प्युटर खरंच आवडलं, तर मामांच्या शब्दाखातर ते सोडू नकोस. तसं बाबांनाही सांग.

गावातल्या त्या मुलाचं काय झालं असेल, याचा मला अंदाज आहे, कारण दरवर्षी माझ्या वर्गात तसं व्हायचं. सीईटीच्या दोन वर्षांत मुलांच्या हाताला एक सवय लागते. चार पर्यायांतले दोन काढून टाकायचे, उरलेल्यात किंमत घालून बघायची, पुढे जायचं. मग एम-वनचा, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचा, पेपर येतो. मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढा, सहा गुण, आणि खाली पर्याय नसतात. उत्तर बरोबर लिहूनही दोन गुण मिळालेली मुलं पेपर घेऊन माझ्याकडे यायची. मी विचारायचे, मधलं कुठंय? मधलं डोक्यात असायचं, कागदावर नसायचं. मुलगा हुशार होता, म्हणूनच त्याने मधलं लिहिलं नाही. तेव्हा कॉलेज सुरू होईपर्यंत बारावीच्या पुस्तकातलं मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन रोज एक तास कर, पण प्रत्येक उदाहरण पूर्ण, पायरी पायरीने, शाईच्या पेनाने. मोबाइलवर सोडवलेलं बघणं म्हणजे सोडवणं नाही.

दुसरा विषय ड्रॉइंग. ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन, म्हणजे एकाच वस्तूचं समोरून, वरून आणि बाजूने काढलेलं चित्र, डोळ्यांसमोर येत नाही म्हणून कितीतरी मुली घाबरतात. अंगाच्या साबणाची एक वडी घे, सुरीने तिचा एक कोपरा तिरका काप आणि टेबलावर ठेव. समोरून, वरून आणि डाव्या बाजूने, एक डोळा मिटून बघ आणि जे दिसतं ते वहीत तीन ठिकाणी काढ. मग दुसरा कोपरा काप. चार-पाच वड्यांत हा विषय तुझ्या हातात येईल. दुकानातलं कोणतंही गाइड हे काम करणार नाही.

भाषेचं म्हणशील तर पहिले पाच-सहा आठवडे कठीण जातील, ते जाऊ दे. पुढच्या बाकावर बस. कळला नाही तो शब्द मराठी लिपीत, ऐकू आला तसा, समासात लिहून ठेव आणि तास संपल्यावर सरांना विचार. मराठीत विचारलंस तरी चालतं, महाराष्ट्रातल्या कॉलेजात कोणी हाकलत नाही. उत्तरं मात्र इंग्रजीत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून कर. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, ज्या आठवड्यातलं त्याच आठवड्यात तपासून सही घे. सबमिशनच्या शेवटच्या आठवड्यात रात्र रात्र जागून दुसऱ्याची जर्नलं उतरवणारी मुलं लेखी परीक्षेला झोपलेली जातात.

एखादा विषय राहिला तर एटीकेटी असते, म्हणजे तो विषय मागे ठेवून पुढच्या सेमिस्टरला जाता येतं. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसू देत नाहीत, म्हणजे सावरायला वेळ मिळतो. तो मुलगा विषय राहिले म्हणून परत आला की ते कुणाला सांगता येईना म्हणून, हे जमलं तर त्याला विचार. भाऊ, हे तुम्हीही वाचा. नापास झाले हे मुलीला तुम्हाला फोनवर सांगता येईल, एवढं आज, ती घरात आहे तोवर, तिच्याशी बोलून ठेवा.

प्रश्न : मॅडम, पहिल्या सेमला माझे चार विषय गेले. कॉलेजच वाईट आहे असं वाटतंय. दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलू का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : बाळा, विषय मागे ठेवून दुसरं कॉलेज तुला सहजासहजी घेणार नाही, आणि घेतलं तरी विषय तुझ्याबरोबरच येतील. आधी चारही उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागव. त्यात तुझे गुण कुठे गेले ते तुलाच दिसेल : वेळ पुरला नाही, पायऱ्या गाळल्या, की काही येतच नव्हतं. पहिल्या दोन कारणांना सराव पुरतो. तिसऱ्यासाठी त्या विषयाच्या शिक्षकांकडे छायाप्रत घेऊन जा आणि कुठून सुरुवात करू, एवढंच विचार. त्यांनी तुला उभं केलं नाही, तर मला परत लिही, मग बदलायचं बघू. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. परीक्षा विभागात जाऊन आजच तारीख विचार.