इंजिनाचा पिवळा दिवा आणि स्वस्तातला स्कॅनर

प्रश्न : माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलं. महिन्यातून एकदोनदा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजमध्ये दर वेळी स्कॅनिंगचे पैसे द्यावे लागतात. दीड हजारात घरच्या घरी वापरता येईल असा स्कॅनर मिळेल का? ब्लूटूथवाला घ्यावा की स्क्रीनवाला? – एक वाचक, सांगली

उत्तर : मिळेल, आणि तुमच्या बजेटमध्ये ब्लूटूथवालाच घ्या. या किमतीतले स्क्रीनवाले बरेचसे नुसता बिघाडाचा कोड दाखवतात, तुम्हाला मात्र चालत्या इंजिनाचे आकडे हवेत. ते मोबाइलच्या अॅपवर नीट दिसतात.

घेण्याआधी स्टिअरिंगखाली वाकून टॉर्च मारा. सोळा पिनांचं सॉकेट दिसेल. ६ आणि १४ या जागांवर धातूची पट्टी असेल, तर गाडी कॅनवर (गाडीतल्या संगणकांची नवी भाषा) बोलते आणि बहुतेक अडॅप्टर, म्हणजे या सॉकेटमध्ये खोचायचे स्कॅनर, चालतात. फक्त ७ नंबरवर पट्टी असेल, तर ती के-लाइन, म्हणजे आधीची जुनी भाषा. इथे अडॅप्टरमधल्या ईएलएम ३२७ चिपच्या स्वस्त नकला फसवतात. खोक्यावर ‘व्ही २.१’ लिहिलेल्या बऱ्याच नकलांना जुने प्रोटोकॉल, म्हणजे या जुन्या भाषा, येत नाहीत. अॅप ‘गाडीशी संपर्क नाही’ म्हणतं आणि माणूस गाडीतच दोष शोधत बसतो. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा : सगळे प्रोटोकॉल चालतात का, आणि चालले नाहीत तर परत घेणार का? आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ चालणार नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा अडॅप्टर लागेल. एबीएस आणि एअरबॅगचे कोड वाचण्याची अपेक्षा या किमतीत ठेवू नका.

दिवा लागला की लगेच कोड पुसायचा नाही. आधी कोड लिहून घ्या, मग ‘फ्रीझ फ्रेम’ उघडा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन किती तापलं होतं, लोड किती होता, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं आणि मेकॅनिकच्या हातात काहीच उरत नाही.

दुसरं म्हणजे, कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव नव्हे. बाहेरून बसवलेल्या सीएनजीवर पी ०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हा कोड नेहमी भेटतो आणि त्यात बिचारा ऑक्सिजन सेन्सर उगाच बदलला जातो. त्याऐवजी लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनाचा संगणक कायमसाठी इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. इंजिन गरम करून आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर तेच वाचन घ्या. पेट्रोलवर आकडा शून्याच्या आसपास आणि सीएनजीवर अधिक १५-२० असेल, तर किटचं ट्यूनिंग, गॅस फिल्टर किंवा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) तपासायचा. दोन्हीवर जास्त असेल, तर रेस वाढवून २५०० आरपीएमवर शॉर्ट टर्म (त्या क्षणापुरता बदल) आणि लाँग टर्म दोन्ही आकड्यांची बेरीज बघा. आयडलला (रेस न देता) जास्त आणि रेसवर उतरली, तर मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्या) कुठेतरी हवा गळतेय. रबरी व्हॅक्यूम पाइप फुटलाय का ते हात लावून बघा. रेस वाढवली की बेरीजही वाढत असेल, तर इंधनाचा दाब कमी पडतोय.

पी ०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं), आला तर त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. आता पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा कोड, आला तर कॉइल गेली. कोड पी ०३०१ वरच राहिला, तर मग प्लगची अदलाबदल. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असेल तरच हे जमतं. पी ०१३५ हा ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोड. आधी फ्यूज तपासा आणि उंदरांनी वायर कुरतडलीय का ते पाहा. पावसाळ्यात तर हमखास.

वापरून झालं की अडॅप्टर काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट येतो. गाडी आठवडे उभी राहिली तर बॅटरी उतरते.

प्रश्न : दिवा सतत न पेटता लुकलुकतो. स्कॅनर येईपर्यंत गाडी चालवू का? – एक वाचक, कणकवली

उत्तर : नको. लुकलुकणारा दिवा म्हणजे जोराचं मिसफायर. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, कन्व्हर्टर लाल होईपर्यंत तापतो आणि आतली जाळी वितळते. कॉइलच्या कितीतरी पट तो महाग. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि गॅरेजपर्यंत टो करून न्या.