‘मॅडम, आज मी किती वर्षांचा?’

मी मुलांची समुपदेशक. सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे आईवडिलांचा एक प्रश्न हमखास येतो. मूल चार वर्षांचं आहे, पण दिसतं सहाचं. पार्कच्या गेटवर, तिकिटाच्या खिडकीवर, गाडीत कोणी वय मानतच नाही. फुकट्यासारखं बघतात. चारचौघांत वाद होतो आणि फिरायला जायची मजाच जाते. काय करायचं?

कागदपत्रांपुरतं याचं उत्तर सोपं आहे आणि ते मी सांगणारच आहे. पण या प्रश्नात मोठी माणसं स्वतःच्या अपमानाबद्दल बोलत असतात. त्याच वेळी शेजारी हात धरून उभ्या असलेल्या मुलाचं काय होतं, ते मला नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका कुटुंबाने नीट दाखवलं. मुलाला आपण ईशान म्हणू. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ईशानची आई माझ्याकडे आली ती वयाची तक्रार घेऊन नाही. तिची तक्रार गुडघ्यांची होती. बागेचं फाटक असो, मॉलचं दार असो, नाहीतर नात्यातल्या लग्नाचा हॉल, आत शिरताना हा मुलगा गुडघ्यात वाकायचा आणि तसाच फेंगडा चालत पुढे जायचा. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून झालं. पाय ठणठणीत. मग कोणीतरी माझं नाव सुचवलं.

माझ्या खोलीच्या दारातही तो वाकला. वाकून आत आला, टेबलाजवळ सरळ झाला आणि डब्यातले ठोकळे बघू लागला. मी नाव विचारलं, त्याने सांगितलं. वय विचारलं, तेव्हा त्याने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मग मलाच विचारलं, ‘‘मॅडम, आज मी किती वर्षांचा?’’

आई हसली. बाबा हसले नाहीत.

हळूहळू सगळं बाहेर आलं. कुठेतरी चार वर्षांच्या आतल्या मुलांना मोफत प्रवेश होता, तिथे बाबांनी पढवलं होतं, ‘तीन सांग.’ पोहण्याच्या शिबिरात पाचच्या खाली घेत नव्हते, तिथे आईने सांगितलं, ‘पाच म्हण हं.’ आजी कोणालाही सांगताना जुन्या रिवाजाप्रमाणे चालू वर्ष सांगायची, ‘पाचवं लागलंय.’ ते खोटं नव्हतं, पण मुलाच्या कानाला तो आणखी एक आकडा. आणि शाळेत बाई म्हणायच्या चार. म्हणजे वय ही मोठ्यांनी जागा बघून ठरवायची गोष्ट आहे, असा त्याने सरळ हिशेब लावला होता. त्याच्याजवळ होती तेवढ्या माहितीवर तो हिशेब चूक नव्हता.

त्यात शहराबाहेरच्या एका पार्कच्या गेटवरचा तो प्रसंग घडला. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, अशी पाटी. ईशान तेव्हा खरोखरच साडेचारचा. या वेळी कोणी काही पढवलं नव्हतं. गेटवरच्या माणसाने विचारलं, मुलगा म्हणाला ‘चार’, आजी कौतुकाने म्हणाली, ‘‘पाचवं सुरू हाय जी त्याले.’’ झालं. ‘‘बघा, आजीच पाच म्हणतात,’’ म्हणून त्याने ईशानला तोंड उघडायला लावलं आणि मोबाइलचा टॉर्च मारून पडलेला दात शोधला. (दुधाचे पुढचे दात साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास पडू लागतात, पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. दात बघून घोड्याचं वय सांगतात म्हणे. पार्कच्या गेटवर हा उद्योग कशाला?) मग आईने मोबाइलमधला जन्मदाखल्याचा फोटो काढला. त्यावर जन्मतारीख होती, आईवडिलांची नावं होती आणि बाळाच्या नावाची जागा कोरी होती. ‘‘हा याचाच कशावरून? लहान भाऊ असंल याला.’’ मागे रांग. बाबांचा आवाज चढला, तिकिटाचे पैसे आदळले, आणि आत गेल्यावर ते पोरावरच खेकसले, ‘‘एवढा ताडमाड कशाला झालास रे!’’

बाबांना हे वाक्य आठवतही नव्हतं. ईशानला आठवत होतं. त्याने ते मला ठोकळ्यांचा मनोरा रचता रचता, बाबांच्याच सुरात म्हणून दाखवलं. गुडघे वाकायला लागले ते तिथून.

मी त्याची उंची मोजली. ११६ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षांच्या मुलाची मधली उंची तेवढीच आहे. पाच वर्षांच्या मुलाची ११०. म्हणजे गेटवरच्या माणसाचा अंदाज वेडगळ नव्हता, बोलायची रीत वाईट होती. ही गोष्ट बाबांना पटवायला वेळ लागला. त्यांच्या मते सगळा दोष त्या माणसाचा होता. आजीने एका वाक्यात विषय संपवला, ‘‘याचा आजा दारातून वाकून शिरे. हाडंच तशी हायेत आमच्या घरची.’’ ईशानने हे मान वर करून ऐकलं. आजोबांबद्दल त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी आजीला म्हटलं, आता घरी याच गोष्टी सांगा, भरपूर सांगा.

आईवडिलांना मी एकच गोष्ट धरून ठेवायला सांगितली. वयाचा पुरावा कागदाने द्यायचा, मुलाने नाही. त्याची उंची, त्याचे दात, त्याचं उत्तर, यातलं काहीही पुरावा म्हणून पुढे करायचं नाही. कोणी त्याला विचारलंच तर त्याने खरं ते सांगावं. त्यावर कोणी शंका घेतली तर बोलायचं आपण. आणि वय एकच. शिबिरातही तेच, पार्कमध्येही तेच. चौथ्या वर्षाच्या सुमाराला मुलांना नुकतं उमगायला लागलेलं असतं की आपल्या मनात असतं ते दुसऱ्याला दिसत नाही. नेमक्या त्या दिवसांत तिकिटाच्या पैशासाठी आपण त्यांना याचा उपयोग शिकवतो. मग दोन वर्षांनी तेच मूल गृहपाठाबद्दल थाप मारतं तेव्हा त्याला माझ्याकडे घेऊन येतो.

आता कागदाचं. आपल्याकडे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. बारसं बहुधा त्यानंतर, नाव पक्कं व्हायला आणखी उशीर. त्यामुळे दाखला मिळतो तो बिननावाचा, आणि बरेच आईबाप तो तसाच फाइलला लावून ठेवतात. नाव नंतर घालता येतं. वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. नागपुरात महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात चौकशी करा. ईशानच्या बाबांनी दुकान एका सकाळी उशिरा उघडलं आणि अर्ज देऊन आले. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो, तेव्हा हे काम सहलीची वाट न पाहता उरकलेलं बरं.

दुसरा कागद म्हणजे निळं बाल आधार. पाच वर्षांखालच्या मुलाला ते बोटांचे ठसे न घेता, आई किंवा वडिलांच्या आधारला जोडून मिळतं. आधार जन्मतारखेचा पुरावा नाही, असं हल्ली त्यावरच छापलेलं असतं, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. पण नाव आणि फोटो एका जागी असल्याने दाखल्याच्या जोडीला ते कामाचं. फोटो तान्हेपणीचा असेल तर गेटवर हसतील, हसू द्या.

नियम मात्र निघण्याआधी वाचा, कारण प्रत्येकाचं ‘लहान मूल’ वेगळं आहे. तीन वर्षांचं पोर घ्या. रेल्वेत वेगळा बर्थ नको असेल तर त्याला तिकीट नाही, कारण पाच वर्षांच्या आत मोफत. एसटीतही पाचपर्यंत मोफत, पुढे बारापर्यंत अर्धं. विमानात मात्र तेच पोर अख्ख्या सीटचं गिऱ्हाईक, कारण मांडीवरची सवलत दोन वर्षं पूर्ण झाली की संपते. जाताना दोनच्या आत आणि परतताना दोन पूर्ण झाली असतील, तर परतीच्या प्रवासाला सीट घ्यावी लागते, हे कित्येकांना विमानतळावर कळतं. अमेरिकेत डिस्ने वर्ल्डला तीनच्या आत मोफत, तीन ते नऊ लहान मुलाचं तिकीट आणि दहाव्या वाढदिवसापासून ते मोठं माणूस! परदेशात एक सुख असतं, मुलाचा स्वतःचा पासपोर्ट जवळ असतोच. त्याची झेरॉक्स पार्कमध्ये न्या, मूळ प्रत हॉटेलात सांभाळून ठेवा.

आणि हे सगळं पूर्ण झालेल्या वर्षांवर मोजतात. ‘पाचवं लागलंय’ ते घरात ठेवा.

ईशानच्या घरच्यांचा हैदराबादचा बेत ठरला होता. रात्रीची गाडी. ईशानला पाच पूर्ण व्हायला अजून दोनेक महिने होते, तिकीट न काढता नेणं नियमात बसत होतं. बाबांचा तोच विचार होता. मी म्हटलं, हक्क आहे तुमचा. पण ११६ सेंटिमीटरचं पोर रात्रभर तुमच्या बर्थवर लाथा झाडणार आणि तिकीट तपासनीस डब्यात शिरला की तुमच्या पोटात गोळा येणार. बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं, तेवढं परवडत असेल तर घ्या. त्यांनी घेतला. मला वाटतं आजीने घ्यायला लावला.

जाण्याआधी आम्ही खोलीत खेळ मांडला. ईशान गेटवरचा माणूस, कमरेला माझ्या ऑफिसची किल्ली. बाबा आपलं तिकीट घेऊन रांगेत. ईशान ओरडला, ‘‘दात दाखव!’’ बाबा क्षणभर गप्प राहिले, मग शिकवल्याप्रमाणे खिशातून कागद काढून म्हणाले, ‘‘साहेब, हा दाखला. चार वर्षं नऊ महिने.’’ पुढे एक शब्द नाही. खुलासे नाहीत, ‘आमच्या घराण्यात सगळे उंच’ नाही, आवाज चढवणं नाही. ईशानने कागद उलटा धरून वाचला आणि सोडलं. मग पुन्हा खेळायला लावलं. आजीलाही रांगेत उभं केलं, तिला सक्त ताकीद की वय सांगायचं नाही. तिला ते सगळ्यांत जड गेलं.

हैदराबादच्या पार्कमध्ये गंमत झाली. तिथे वय कोणी विचारलंच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या पार्कमध्ये, वंडरलात किंवा खोपोलीच्या इमॅजिकात, लहान मुलाचं तिकीट उंचीवर ठरतं. तिथे दाखल्याचा उपयोग नाही, उंची भरली की पैसे भरायचे. हे मी आधीच सांगून ठेवल्यामुळे बाबांनी मुकाट्याने तिकीट काढलं. आत एका राइडच्या पट्टीवर १२० ची रेघ होती. ती सुरक्षेसाठी असते, पट्टा आणि दांडी त्या अंगकाठीच्या हिशेबाने बसवलेली असते, तिथे घासाघीस करायची नसते. ईशान पट्टीला पाठ लावून उभा राहिला, टाचा उचलल्या, मान ताणली. तिथल्या मुलीने हसून टाचा खाली टेकवायला लावल्या आणि चार सेंटिमीटरने त्याला परत पाठवलं. आईच्या सांगण्याप्रमाणे तो तासभर रुसला होता, लहान ठरलो म्हणून.

गुडघ्यात वाकणं एकदम थांबलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात हॉलच्या दारात पुन्हा एकदा दिसलं, नंतर कमी होत गेलं. पोहण्याच्या शिबिरात आईने स्वतः जाऊन खरं वय सांगितलं. त्यांनी नाव काढून टाकलं आणि पाच पूर्ण झाल्यावर या म्हणाले. आईला त्याचं वाईट वाटलं. ईशानने मात्र पाचव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी चड्डी-टोपीसकट तयार होऊन बाबांना दुकानात जाऊ दिलं नाही. आता त्यांच्यापुढे आधारसाठी बोटांचे ठसे द्यायचं काम आहे आणि एसटीचं अर्धं तिकीट आहे. अर्धं तिकीट ईशान स्वतः मागतो, कंडक्टर पुढे सरकून गेला तर हाक मारून.