फक्त हाडांवरून डायनासोर काय खायचे, कसे चालायचे हे कसं कळतं?

फक्त हाडांवरून नाहीच कळत. माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे शेण! चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथे डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. त्याच थरांत टायटनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची हाडं मिळतात, म्हणून ती विष्ठा बहुधा त्यांचीच मानतात. तिच्यात फायटोलिथ सापडले, म्हणजे वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण. वनस्पती कुजते, हे कण उरतात आणि आकारावरून गट ओळखता येतो. त्यांत ताड-माडाच्या कुळातली झाडं, सूचिपर्णी आणि चक्क गवतही निघालं, तेही भाताच्या नात्यातलं. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. तोवर डायनासोरच्या काळात गवत असल्याचा भक्कम पुरावा नव्हता. चित्रांतही त्यांच्या पायाखाली गवत दाखवणं चूक समजलं जाई.

चालण्याचं म्हणाल तर पाऊलखुणा बघायच्या. पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट कमरेची उंची धरतात. ती उंची आणि एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर यांवरून वेगाचा अंदाज निघतो. १९७६ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर यांनी हे सूत्र मांडलं. अंदाजच तो, चिखल किती ओला होता यावरही ठसा बदलतो.

वय मात्र हाडातच असतं. आडवा छेद घेतला की वाढीची वलयं दिसतात. शिकागोच्या संग्रहालयातली 'सू' नावाची टी. रेक्स (टायरॅनोसॉरस रेक्स) त्यावरून साधारण २८ वर्षांची ठरली.

आवाजाबद्दल कोणी छातीठोक सांगत असेल तर फार विश्वास ठेवू नका.