काकांची गिटार, मोठ्या वादकाचं नाव आणि ड्युकोचा डबा

ह्या वेळी जुन्या इलेक्ट्रिक गिटारींवर बरेच प्रश्न आलेत, ठाणे आणि नवी मुंबईतूनच जास्त, त्यातले काही घेतलेत.

प्रश्न : नमस्कार सर. आमचे काका सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, ते आता नाहीत. त्यांची इलेक्ट्रिक गिटार माळ्यावर सापडली, मागच्या पत्र्यावर फक्त 'जपान' असं कोरलंय, कंपनीचं नाव नाही. घरात सगळे सांगतात की सिनेमातल्या एका नामांकित गिटारवादकाने ती रेकॉर्डिंगला वाजवलीय. रंग बराच उडालाय म्हणून ओळखीच्या गॅरेजमधून ड्युको मारून घेणार आहे. ती त्या वादकाच्या हातातली आहे हे सिद्ध कसं करायचं? – नौपाडा, ठाणे

उत्तर : दादा, आधी गॅरेजवाल्याला फोन करून काम थांबवा, बाकीचं नंतर. तुम्हाला जे सिद्ध करायचंय त्याचा पुरावा त्या उडालेल्या रंगातच आहे आणि ड्युको मारला की तो कायमचा गेला.

कसं ते सांगतो. कॅनडाचे रॉक गिटारवादक रँडी बॅकमन, त्यांची १९५७ ची केशरी ग्रेच गिटार १९७७ साली टोरंटोच्या हॉटेलमधून चोरीला गेली, आणि सापडली कधी तर २०२० मध्ये, तीही जपानमध्ये! त्यांच्या एका चाहत्याने जुन्या फोटोंतली लाकडाची गाठ आणि रेषा बघितल्या, मग इंटरनेटवर अशा गिटारींचे फोटो आणि व्हिडिओ एकेक करून ताडून पाहिले, आणि टोकियोतल्या एका वादकाच्या हातात तीच गाठ दिसली. २०२२ मध्ये टोकियोत ती गिटार बॅकमनना परत मिळाली. बीटल्सच्या जॉन लेननच्या गिब्सन जे-१६०ई गिटारचंही असंच, १९६३ च्या शेवटी हरवली, अमेरिकेत एकाने साठच्या दशकाच्या शेवटी ती सेकंडहँड घेतली आणि कुणाची आहे हे माहीत नसताना पुढे कितीतरी वर्षं वाजवली. नंतर सीरियल नंबर आणि लाकडाच्या रेषा जुळल्या आणि २०१५ च्या लिलावात २४ लाख डॉलरच्या वर गेली. दोन्ही ठिकाणी लाकूड बोललं, आणि लाकूड बोलू शकलं कारण मधल्या काळात त्याच्यावर कुणी रंग फासला नव्हता.

तर आता काय करायचं, गिटारचे दिवसाच्या उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक टवका, प्रत्येक चरा, मागे शर्टाच्या बटणांनी आणि पट्ट्याच्या बकलाने घासलेली जागा, सगळं. मग काकांचे जुने फोटो शोधा, निगेटिव्ह असतील तर सोन्याहून पिवळं कारण ती मोठी करून बघता येतात. शिवाजी मंदिरच्या, गडकरीच्या प्रोग्रामची पत्रकं, मानधनाच्या पावत्या, डायरी, काहीही रद्दीत टाकू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काकांबरोबर वाजवणारे जे कुणी आज हयात आहेत त्यांच्याकडे ह्याच महिन्यात जा, गिटार सोबत न्या, त्यांच्या हातात द्या आणि ते बोलतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. आधी वादकाचं नाव तुम्ही सुचवू नका, त्यांना स्वतःहून सांगू दे, नाहीतर त्या साक्षीला किंमत राहत नाही.

हे मी कळकळीने सांगतोय कारण आपल्याकडे ह्या वाद्यांची नोंद ठेवायची सवय फार कमी. व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या, भूपिंदर सिंग गायक म्हणून सगळ्यांना माहीत पण आर. डी. बर्मन यांच्याकडे ते गिटारही वाजवायचे, आणि त्यांच्याशिवाय कितीतरी लोक ज्यांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर कधी आलीच नाहीत. त्यांची वाद्यं अशीच कुणाच्या तरी माळ्यावर असणार. समजा सिनेमातल्या वादकाचं नाव सिद्ध नाही झालं, तरी ठाण्यातल्या एका ऑर्केस्ट्रा वादकाची गिटार ही ओळख तर पक्की आहे ना, तीसुद्धा जपण्यासारखीच आहे.

दुरुस्ती म्हणून तूर्त फक्त मऊ सुक्या कपड्याने धूळ पुसा, गंजलेल्या तारा एकेक करून सैल करत काढा, सगळ्या एकदम कापू नका.

प्रश्न : एकजण १९६५ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर विकतोय, परदेशातून आणली म्हणतो, कुणा मोठ्या बँडच्या माणसाकडून घेतली असंही म्हणतो. वाशीला बघायला बोलावलंय. काय काय बघू? – नेरूळ

उत्तर : जाताना सोबत स्क्रूड्रायव्हर, मोबाईलचा चांगला कॅमेरा आणि नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च न्या. आणि जायच्या आधी फोनवरच विचारा की गिटार उघडून दाखवणार का. नाही म्हणाला तर वाशीपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही.

आधी मागे बघा, नेक, म्हणजे गिटारची मान, किती स्क्रूंनी बसवलाय. तीन असतील तर विषय संपला, तीन स्क्रूवाल्या स्ट्रॅट १९७१ पासून दहाएक वर्षं बनल्या, ६५ ला चारच होते. नंबरच्या पत्र्यावर मात्र अजिबात भरवसा ठेवू नका, तो चार स्क्रू काढून कुणीही बदलतो, जुना पत्रा वेगळा विकतही मिळतो.

मग पिकगार्ड, म्हणजे पुढचा प्लास्टिकचा पत्रा, उघडायला सांगा आणि व्हॉल्यूम-टोनच्या पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या गोल भागाच्या, पाठीवरचा आकडा वाचा. समजा १३७६५३३ असं असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६५ म्हणजे १९६५ आणि ३३ म्हणजे वर्षाचा तेहतिसावा आठवडा. सुरुवातीला ३०४ असेल तर कंपनी स्टॅकपोल. आता ह्यातनं कळतं एवढंच की गिटार त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते, कारण कारखान्यात पॉट पडून राहायचे. फेंडरने १९६६ चे पॉट एवढे घेऊन ठेवले होते की पुढची दोन-तीन वर्षं तेच लावत होते. म्हणजे ६५ म्हणून विकायला काढलेल्या गिटारमध्ये मूळ सोल्डरसकट ६६ चे पॉट निघाले तर ती ६५ ची नाही. सोल्डर जुना असेल तर फिका, मळलेला दिसतो, नंतर कुणी हात घातला असेल तर तेवढाच भाग चमकतो. नेक काढायला परवानगी मिळाली तर त्याच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, तारखेचा शिक्का असतो तोही बघा.

शेवटी खोलीत अंधार करून टॉर्च मारा. त्या काळातलं नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, जुनं झालं की त्या उजेडात हिरवट पिवळं चमकतं, आणि जिथे नंतर रंग लावलाय किंवा मोडलेलं जोडलंय तिथे डाग वेगळा दिसतो. फेंडर साधारण १९६८ पासून पॉलिएस्टरकडे वळली, त्यामुळे ६५ च्या गिटारवर प्लास्टिकसारखा जाड थर दिसला की समजायचं हे नंतरचं काम आहे. पुन्हा रंगवलेली असेल तर बाजारात तिची किंमत साधारण निम्म्यावर येते, विकणारा काही म्हणो.

आणि तो बँडवाला माणूस, त्याचा पुरावा म्हणून कागद किंवा फोटो दाखवला तर ठीक, नुसत्या गोष्टीचे पैसे देऊ नका. गोष्ट ऐकायची, चहा प्यायचा, भाव मात्र समोरच्या गिटारचा करायचा.

प्रश्न : माझ्या सेकंडहँड लेस पॉल टाइप गिटारचे दोन्ही पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) एकत्र लावले की आवाज बारीक होतो, नाकातून आल्यासारखा. रिपेअरवाला म्हणतो वायरिंग चुकलंय, ओरिजिनलसारखं करून देतो. करू का? आणि मोठ्या लोकांच्या गिटारीपण रिस्टोअर करतात तेव्हा कारखान्यातनं आली तशीच करतात का? – ऐरोली

उत्तर : मित्रा, तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग मला फार आवडला, तिथूनच सुरू करतो.

फ्लीटवूड मॅकचा पीटर ग्रीन, त्याची १९५९ ची गिब्सन लेस पॉल गिटार. तिच्या नेक पिकअपमधलं लोहचुंबक उलटं बसलेलं होतं, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की ते एकमेकांना कापायचे आणि तू म्हणतोस तसाच नाकातला आवाज यायचा. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर फॉल्टच. पण त्या आवाजावर लोक वेडे झाले, पुढे ती गिटार गॅरी मूरकडे गेली, त्यानेही तशीच वाजवली, २०१४ मध्ये मेटालिकाच्या कर्क हॅमेटने घेतली आणि तो आजही स्टेजवर वाजवतो. एवढ्या वर्षांत कुणी शहाण्याने ते चुंबक सरळ केलं असतं तर? गिटार कागदोपत्री जास्त ओरिजिनल झाली असती आणि तिचा आवाज मेला असता.

एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' नावाची गिटार तर मुळात एक गिटार नाहीच. १९७० मध्ये त्याने नॅशव्हिलला जुन्या स्ट्रॅट घेतल्या, काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींतले चांगले चांगले भाग काढून एक बनवली. फेंडरच्या कारखान्यातनं ही गिटार अशी कधी बाहेर पडलीच नाही, मग तिला मूळ रूपात आणायचं म्हणजे काय करायचं, परत तीन करायच्या? २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली, व्यसनमुक्ती केंद्रासाठी. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट १९७० ची खरेदी, सनबर्स्टवर (मध्ये फिकट, कडेला गडद रंग) काळा रंग चढवलेली, तिचे नेक किती वेळा बदलले, पिकअप बदलले, मध्ये काहलर कंपनीचा ट्रेमोलो (सूर हलवायची दांडी) बसवायला लाकूड कोरलं, नंतर तो काढून ती जागा लाकडाने भरली. २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलर आले तिला. आयर्लंडच्या गिटारवादक रोरी गॅलाघरच्या १९६१ च्या स्ट्रॅटचा तर रंगच बहुतेक उडालाय, नुसतं लाकूड दिसतं, आणि तशीच ती २०२४ मध्ये लिलावात घेऊन आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली गेली.

म्हणून साधी अनामिक जुनी गिटार आणि वादकाच्या हातात घडलेली गिटार, ह्या दोघींना एकच नियम लावता येत नाही असं माझं ठाम मत आहे. पहिलीला कारखान्याच्या जवळ नेणं समजू शकतो. दुसरीत मात्र वादकाने जे केलं, कोरलं, जाळलं, चिकटवलं, तेच तिचं मूळ रूप, तिथे रिपेअरवाल्याने फक्त ती वाजती राहील एवढंच बघायचं. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, पार झिजल्या तर बदलाव्या लागतात, पण काढलेल्या फ्रेटसुद्धा पाकिटात घालून केसमध्ये ठेवायच्या, तारीख आणि कुणी काम केलं ते लिहून.

आता तुझी गिटार. ती साधीच आहे, तिला इतिहासाचं ओझं नाही, त्यामुळे काम करून घ्यायला हरकत नाही. बहुतेक पिकअपमध्ये दोन वायरींची अदलाबदल केली की भागतं, आणि परत उलटं करता येतं. पण आधी थोडे दिवस तो आवाज वाजवून बघ, स्लो ब्लूजला लाव, कदाचित तुलाच तो सोडवणार नाही.

प्रश्न : मुलाच्या दोन जुन्या गिटारी भिंतीवर टांगल्यात. पावसाळ्यात पार्ट्स हिरवे पडतात, पिकगार्ड आक्रसून वाकडं झालंय, केस उघडला की कापरासारखा वास येतो. – खारघर

उत्तर : ताई, तो वास आणि आक्रसणं एकाच कारणाने आहे. जुनी पिकगार्ड आणि काही गिटारींच्या कडेच्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड बनवताना कापूर वापरतात. ते वय झालं की हळूहळू कुजतं आणि त्यातून निघणारा आम्लाचा वायू बंद केसमध्ये कोंडला की शेजारचे स्क्रू, पिकअपची कव्हरं हिरवी करतो. आपल्याकडची दमट हवा त्याला मदतच करते. ते पिकगार्ड काढून वेगळ्या कागदी पाकिटात, हवा लागेल असं ठेवा, गिटारवर नवीन लावा, पण जुनं टाकू नका. त्याला ज्योतीजवळ तर अजिबात नेऊ नका, भडकन पेटतं.

पावसाळ्यात बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर गिटार नको, ती भिंत ओल धरते. केसमध्ये सिलिका जेल आणि छोटं हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवा, ४५ ते ५५ टक्के बरं. रबरी स्टँडवर जुनं नायट्रो फिनिश चिकटतं, मध्ये सुती कापड घाला. नॉब खरखरत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, गंज काढायचा स्प्रे नको.

प्रश्न : पिकगार्डवर प्रसिद्ध गिटारिस्टची सही असलेली गिटार घ्यावी का? – कोपरी

उत्तर : सही म्हणजे वाजवलेली नव्हे. सही करतानाचा फोटो असेल तर सहीचे पैसे द्या, नसेल तर फक्त गिटारचे.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून साठच्या दशकातली गिटार आणि जुना ट्यूब अँप पाठवतोय. काही अडचण? – कळवा

उत्तर : गिटारच्या फिंगरबोर्डचं लाकूड विचारा. ब्राझिलियन रोझवूड असेल, आणि साठच्या सुरुवातीच्या फेंडरवर ते असायचंच, तर १९९२ पासून ते साइट्स ह्या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या यादीत आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. परवाना आधी, पार्सल नंतर. बाकीच्या रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ पासून सूट आहे.

अँप मात्र आला की लगेच प्लग लावू नका. तो ११७ व्होल्टचा, आपल्याकडे २३०, थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळेल आणि तो जुना ट्रान्सफॉर्मर तसाच परत मिळत नाही. चांगल्या क्षमतेचा स्टेपडाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या. शिवाय आतले फिल्टर कपॅसिटर बहुतेक कोरडे पडलेले असणार, ते बदलल्याशिवाय चालू करू नये. आणि हे स्वतः उघडून करायचं काम नाही, प्लग काढलेला असला तरी त्यात जीव घेण्याइतका व्होल्टेज साठून राहतो. ट्यूब अँपचं काम केलेल्या माणसाकडेच द्या, तीन पिनांच्या अर्थिंगची वायर त्याच वेळी घालून घ्या.