हातात ७० हजार आहेत, डोंबिवलीत पहिली भाड्याची खोली घ्यावी का?

प्रश्न असा आहे: "मी २३ वर्षांची, मूळची सांगलीची. लोअर परळला नोकरी लागून चार महिने झाले, हातात पगार २८ हजार. सध्या दादरला कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती झोपायची कॉट भाड्याने घेऊन राहते. मैत्रिणीबरोबर डोंबिवली पूर्वेला एक वन-आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) बघितला. भाडं ९ हजार, डिपॉझिट ४० हजार. दोघींचे मिळून ७० हजार साठलेत. घ्यावा का? आणि पहिल्यांदा घर लावताना खर्च कसा आवरायचा?"

मी मिरजेची. २०१३ साली परळच्या एका लॅबमध्ये १६ हजारांवर लागले आणि २०१४ च्या जूनमध्ये एका मैत्रिणीबरोबर डोंबिवलीतच पहिली खोली घेतली. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

भाडं तुम्हाला झेपेल. दोघींत साडेचार-साडेचार हजार, त्यात काळजीचं काही नाही. अडचण आहे ती पहिल्या दिवसाची. कागद घे आणि मांड. डिपॉझिट ४० हजार. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, ९ हजार. खोली एजंटने दाखवली असेल तर त्याची दलाली. अकरा महिन्यांच्या कराराला एक महिन्याचं भाडं असा इथला रिवाज आहे, म्हणजे आणखी ९ हजार. झाले ५८. त्यावर कराराची नोंदणी, टेम्पो, हमाल. काही सोसायट्या सामान चढवण्याचेही पैसे घेतात. ७० पैकी ६० ते ६२ हजार उंबरठा ओलांडायच्या आतच संपले. उरलेल्या आठ-दहा हजारांत पुढचा पगार होईपर्यंत दोघींनी जेवायचं, पास काढायचा आणि घरही लावायचं. मी तेव्हा भाडं पगारात बसतंय एवढंच बघितलं होतं. जुलै महिना आईने पाठवलेल्या पैशांवर काढला, आणि ते पैसे तिने कुठून काढले हे मला माहीत होतं म्हणून अजून लक्षात आहे.

तेव्हा राहायला जायचा दिवस पगाराच्या लगेच नंतरचा धर. पगार एक तारखेला होत असेल तर दोन-तीन तारखेला जा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अजिबात जाऊ नका. आणि मालकाला सरळ विचारा की डिपॉझिट दोन हप्त्यांत चालेल का. मी दुसऱ्या घराच्या वेळी विचारलं आणि मालकीणबाई लगेच हो म्हणाल्या. पहिल्या वेळी विचारायचं सुचलंच नव्हतं.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते सांगते. तू ४० हजार खर्चात धरलेस ना? ते खर्चात धरू नकोस. ती तुमची ठेव आहे, दुसऱ्याच्या घरात ठेवलेली. दोघींच्या आयुष्यातली आजवरची सगळ्यात मोठी शिल्लक तुम्ही एका अनोळखी माणसाच्या हातात देताय, आणि ती परत येणार की नाही हे पहिल्या दिवशीच्या कागदावर ठरतं.

माझं असं झालं. डिपॉझिट ३० हजार ठरलं होतं. मालक म्हणाले, १० चा चेक द्या, २० रोख द्या. आम्ही दिले. करार १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, खाली नोटरीचा शिक्का, आकडा १० हजारांचा. "आपल्यात कशाला हवं सगळं कागदावर," असं ते म्हणाले आणि आम्हाला ते आपुलकीचं वाटलं. दीड वर्षाने खोली सोडली तेव्हा त्यांनी १० हजारांमधून रंगाचे सहा हजार कापले आणि चार हजार हातावर ठेवले. रोख दिलेल्या २० हजारांचा विषय काढला तर म्हणाले, कागद दाखवा. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून रडलो आणि निघून आलो.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद आम्ही दाखवायचा नव्हता, त्यांनी दाखवायचा होता. हे त्या जिन्यात कोणी सांगितलं असतं तर आम्ही तशा निघून आलो नसतो.

एजंट तुला हमखास सांगेल की अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. देशात इतरत्र अकरा महिन्यांची पद्धत पडली तीच मुळी त्यासाठी, कारण नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र हे कलम ५५ आहे आणि त्यात मुदतीची सूट नाही. अकरा महिने असोत की पाच, नोंदणी हवीच.

खर्चाला घाबरू नका. मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं. तुमचंच धर: अकरा महिन्यांचं भाडं ९९ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे ३,६७० रुपये, बेरीज १ लाख २ हजारांच्या वर, त्याचा पाव टक्का साधारण २६० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १ हजार. वर थोडं हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे पैसे. सगळं ऑनलाइन होतं, आधार आणि बोटांचे ठसे लागतात, दुय्यम निबंधक कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. ४० हजार सुरक्षित ठेवायला एवढा खर्च मुळीच जास्त नाही. मालक पैशांवरून कुरकुरले तर म्हण, अर्धे आम्ही देतो. तरीही नकोच म्हणाले तर नुसत्या नोटरीवर भागवू नका, दुसरी खोली बघा.

पैसे बँकेतून पाठव, एक रुपयाही रोख नको. करारात डिपॉझिटचा पूर्ण आकडा, सोडताना किती दिवसांत परत मिळणार, नोटीस किती दिवसांची, रंगाचा खर्च कोणाचा आणि मेंटेनन्स भाड्यात धरलाय का, हे सगळं लिहून घे. मेंटेनन्सचं मुद्दाम सांगते. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. काही मालक ते गुपचूप भाडेकरूच्या माथी मारतात. आधी विचारलं की मारत नाहीत. भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांना द्यायची असते, त्याचीही एक प्रत मागून घे. आणि किल्ली मिळाली की सामान आत न्यायच्या आधी मोबाइलवर प्रत्येक भिंत, नळ, फरशी, संडासाचा दरवाजा असं सगळं चित्रीकरण करून त्याच दिवशी मालकाला पाठवून दे. विजेच्या मीटरच्या आकड्याचा फोटोही काढ आणि शेवटचं बिल मागून बघ. आधीच्या भाडेकरूची महावितरणची थकबाकी तुमच्या वीजजोडणीवर नको.

आता डोंबिवली. तुझं ऑफिस लोअर परळला, म्हणजे पश्चिम रेल्वेचं लोअर परळ किंवा मध्य रेल्वेचं करी रोड, दोन्हीकडून चालत जाता येतं. पण या दोन्ही स्टेशनांवर फक्त स्लो गाड्या थांबतात. तुला डोंबिवलीहून फास्ट पकडून दादरला बदलावं लागेल, नाहीतर स्लोने थेट करी रोड. डोंबिवलीतूनच सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांची वेळ पाठ करून टाक. याच कारणाने अंबरनाथ-बदलापूरचं कमी भाडं बघून भुलू नकोस. कल्याणनंतर गाड्या कर्जत आणि कसारा अशा दोन वाटांना जातात, त्यामुळे प्रत्येक वाटेवर लोकल कमी होतात आणि एक चुकली की पुढची लवकर येत नाही. मी एक वर्ष बदलापूर केलंय. भाड्यात वाचलेले पैसे मला कुठेच दिसले नाहीत, झोप मात्र गेली.

खोली स्टेशनपासून "दहा मिनिटं" आहे म्हणाले असतील. पायी की रिक्षाने, हे विचार. शेअर रिक्षाचे एका वेळचे १५ रुपये धरले तरी जाऊन-येऊन ३०, महिन्याचे २६ दिवस, ७८० रुपये एकीचे. दोघींचे दीड हजारांच्या वर. म्हणजे मानपाड्याकडची ९ हजारांची खोली आणि स्टेशनजवळची साडेदहाची तुम्हाला जवळपास एकाच भावात पडतात. रात्री नऊ-साडेनऊला उतरलीस तर उजेडाच्या रस्त्याने चालत घरी पोचणं याला मी स्वतः आणखी हजार रुपये द्यायला तयार असते. एकदा कामाच्या दिवशी सकाळी तिथून ऑफिसला जाऊन बघ. रविवारी बघून काही कळत नाही. गर्दी नसते आणि मेगाब्लॉक असतो.

खोली बघताना नवीन रंगावर जाऊ नकोस. पावसाळ्याच्या तोंडावर ताजा रंग दिला असेल तर खिडकीखालची आणि संडासाला लागून असलेली भिंत तळहाताने दाबून बघ. ओल असेल तर गार लागते, पोपडे सुटतात. वरच्या मजल्यावर गच्चीची गळती असते, तळमजल्यावर पाणी शिरतं. पाणी किती वाजता येतं हे एजंटला विचारू नकोस, शेजारच्या काकूंना विचार.

घर लावण्यावर मुद्दाम कमी लिहिते, कारण तिथे सगळ्यांकडून नको तेवढा खर्च होतो. पहिल्या दिवशी लागतं ते कुलूप, आपलं स्वतःचं, मालकाने दिलेलं नव्हे. नंतर बादली, पाण्याचा मग, झाडू, दोन बल्ब, चटई, एक पातेलं, तवा. गॅसजोडणीच्या मागे लागू नका, पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. भांडी सांगलीहून आण. मी आईची जुनी पातेली, ताटं आणि एक गोधडी पोत्यात बांधून महालक्ष्मी एक्स्प्रेसने आणली आणि पहाटे कल्याणला उतरले. तुझीही गाडी तीच आहे, दादरपर्यंत जायचं कारण नाही. कॉट आणि कपाट पहिले दोन महिने नकोच. जमिनीवर झोपून बघितलं की खोलीत कुठे वारा येतो, कुठे पाणी ठिबकतं ते कळतं, आणि मग कॉट कुठे ठेवायची ते ठरतं. घ्यायची तेव्हा वॉचमनला सांगून ठेव. महिनाअखेरीला कोणी ना कोणी घर सोडत असतं आणि त्यांना कॉट टेम्पोत चढवण्यापेक्षा तिथेच विकणं परवडतं. आमची लोखंडी कॉट अशीच मिळाली, ७०० रुपयांना, अजून माझ्या पुतण्याकडे आहे. नवीन लाकडी काही घ्यायचंच झालं तर उल्हासनगरचा फर्निचर बाजार तुम्हाला जवळ आहे.

मैत्रिणीबद्दल एक. दोघींची नावं करारात घाला, आणि त्याशिवाय तुमच्या दोघींत एक साधा कागद करा: डिपॉझिटमध्ये कोणाचे किती आणि मधेच एक निघाली तर तिने किती दिवस आधी सांगायचं, तिचा हिस्सा कोण देणार. माझी मैत्रीण पुढे मधेच लग्न ठरून गेली, तिच्या वाटणीचं भाडं तीन महिने मी एकटीने भरलं. तिचा दोष नव्हता, माझाही नव्हता. आधी बोललो असतो तर आमच्यात त्यानंतर जे अवघडलेपण आलं ते आलं नसतं. आज आम्ही परत बोलतो, पण मधली चार वर्षं गेली.

मी असते तर खोली घेतली असती, पण मालकाला एक फोन करून. नोंदणीकृत करार आणि डिपॉझिट बँकेतून, एवढ्या दोनच गोष्टी विचार. हो म्हणाले तर पुढच्या पगाराच्या दुसऱ्या दिवसाचा टेम्पो ठरव. का-कू केलं तर आणखी एक महिना दादरच्या कॉटवर काढ आणि फडके रोड, विष्णुनगर या बाजूंना चालत फिरून बघ. बऱ्याच इमारतींच्या फाटकावर "खोली भाड्याने देणे आहे" अशी पाटी असते, आणि तिथे दलालीचे ९ हजारही वाचतात.