गीझर चालू केला की आतनं खदखद, कडकड आवाज येतोय, काय करू?

भावा, आधी बघ पाणी बोअरचं हाय का. आपल्या कोल्हापुरात बोअरच्या पाण्यावर चालणारा टाकीचा गीझर असा खदखदायला लागला की बहुतेक वेळा क्षारच असतात, कॉइलवर पांढरा थर बसतो आणि त्याच्याखाली अडकलेलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे फुटत राहतात, तोच आवाज. मेन स्विच बंद कर, पाणी गार होऊ दे, मग मेकॅनिककडनं टाकी उघडून साफ करून घे आणि त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला असतो तो) झिजलाय का तेपण बघायला लाव, सांगितल्याशिवाय बघत नाहीत ही मंडळी! नंतर थर्मोस्टॅट ६० डिग्रीच्या आतच ठेव, जास्त तापवलं की क्षार लै लवकर धरतात.

नुसती टिकटिक असेल तर सोड, पत्रा तापताना-गार होताना वाजतोच.

पण गॅस गीझर असेल आणि पेटताना 'भप्प' होत असेल तर प्रकरण वेगळं, गॅस साचून उशिरा पेटतोय. ठिणगी पाडणारे सेल बदलून बघ, तरी थांबलं नाही तर बर्नर साफ होईपर्यंत लावूच नको. आणि बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर आवाज असो नसो, बाहेरच्या भिंतीवर हलवून घे, गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.