कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात दोन विंडोज, एक लिनक्स आणि एक जुना पीएस/२ (कीबोर्ड-माउससाठी जुन्या गोल पोर्टचा) सर्व्हर आहे. एकाच कीबोर्ड-मॉनिटरसाठी कोणता केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड, मॉनिटर, माउस अनेक मशीनना आळीपाळीने जोडणारा डबा) घ्यावा?
प्रत्येक पोर्टवर कीबोर्ड, माउस आणि ईडीआयडी (मॉनिटरची ओळख-माहिती) यांचं स्वतंत्र इम्युलेशन, म्हणजे ते जोडलेलेच आहेत असं मशीनला भासवणं, कायम चालू ठेवणारा चार पोर्टचा केव्हीएम घ्या. नुसती यूएसबी वळवणारा स्वस्त स्विच सर्व्हरला नकोच. सांगलीत सर्व्हर बसवण्याचंच काम करतो, म्हणून खात्रीने सांगतो. वीज जाऊन आली की चारही मशीन एकदम सुरू होतात, पण स्विच एकाकडेच वळलेला असतो. मग जुना सर्व्हर ‘कीबोर्ड सापडत नाही’ म्हणून सुरुवातीलाच अडू शकतो आणि लिनक्सला मॉनिटरची माहिती न मिळाल्याने रिझोल्यूशन चुकतं. फक्त पीएस/२ साठी वेगळी सोय लागेल: आत चिप असलेली अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर केबल, साधी छोटी पिन नव्हे. आणि बरेच केव्हीएम स्क्रोल लॉक दोनदा दाबून वळतात, तेव्हा ते बटण असलेलाच कीबोर्ड घ्या.